फलश्रुती नसलेली पोथी

अनंत मास्तरांइतक्या पुस्तकांची सुरुवात वाचलेला माणूस बुऱ्हाणपुरात दुसरा नव्हता. शेवट वाचलेली माणसं पुष्कळ होती, पण ती आपली एकच नावाजलेली कादंबरी घ्यायची, पानं सुटेपर्यंत आळीपाळीनं वाचायची आणि मग त्याच लेखकाचं दुसरं काही आहे का म्हणून विचारायची. मास्तरांना अशा वाचकांची कीव यायची. शनवारा वेशीजवळ एका जरीच्या दुकानावरच्या माडीत मराठी वाचनालय होतं. दोन कपाटं, एक सतरंजी आणि एक डुगडुगतं टेबल. शाळा सुटली की मास्तर तिथं जाऊन बसत. चिटणीस तेच, पुस्तकं देणारे-घेणारे तेच, आणि केरही तेच काढत, त्यामुळे पुस्तकं कोणती आणायची हे त्यांना विचारणारं कोणी नव्हतं.

मास्तर आणत ती अशा लेखकांची, ज्यांचं नाव त्यांच्या बायकोखेरीज कोणाला ठाऊक नसावं. जळगावच्या, अमरावतीच्या, बेळगावच्या कुठल्या कुठल्या छापखान्यांतून पार्सलं मागवायची. लालबाग स्टेशनात पार्सल आलं की मास्तर सासुरवाडीला निघाल्यासारखे धुतलेली टोपी घालून टांग्यातून जात. पार्सलातून काय निघेल याचा नेम नसे. एखादी खुनाची कादंबरी, एखादं संगीत नाटक, भुतांच्या गोष्टी, पेन्शनीत निघालेल्या मामलेदाराची काशीयात्रा, एकदा तर गुरांच्या रोगांवर आर्यावृत्तात रचलेला ग्रंथ. नवे लेखक गरीब आणि त्यांची बांधणी त्याहून गरीब, म्हणून मास्तरांनी लाल खारव्याचा एक तागा स्वस्तात घेऊन ठेवला होता. आलेल्या प्रत्येक पुस्तकाला ते स्वतः त्या कापडाची खोळ शिवत. मग पुस्तक उघडायचं, तीस-चाळीस पानं वाचायची, "वा! काय माणूस आहे!" म्हणून मांडीवर थाप मारायची, तेवढ्यात दुसरं पुस्तक खुणावायला लागायचं. पहिलं कपाटात जायचं ते कायमचं.

"तुम्हाला अंतरपाट धरायला उभं केलं," त्यांची बायको सुमन म्हणायची, "तर मंगलाष्टकं संपायच्या आत तुम्ही दुसऱ्या मांडवात जाल."

मास्तरांना हे लागायचं नाही. उलट आपण या बिचाऱ्या लेखकांचे पाठीराखे आहोत असं त्यांना मनापासून वाटे, आणि प्रत्येकाला ते आपण होऊन पत्र पाठवत. 'पुस्तक वाचले' असं खोटं त्यांनी कधी लिहिलं नाही. ते लिहीत, 'आपले पुस्तक आमच्या कपाटात टिकत नाही.' सगळ्यांना हेच वाक्य. लेखक लांबचे, त्यामुळे खरंखोटं बघायला कोण येतंय?

दिवाळीच्या आधी एक जण निघाला.

त्याचं नाव लोटू भिकन महाजन. भुसावळला रेल्वेच्या पार्सल हापिसात कारकून. पुस्तकाचं नाव 'कपाशीच्या गंजीतले प्रेत'. त्यानं लिहिलं होतं, 'आपले पत्र मिळाले. मी ते घरी मोठ्याने वाचून दाखवले. पुस्तक छापून तीन वर्षे झाली, पण ते वाचलेला एकही माणूस मला आजवर भेटलेला नाही. मेहुण्यास प्रत दिली होती, ती त्यांच्या पलंगाच्या पायाखाली आढळली. दुसरी कादंबरी लिहून तयार आहे. ती छापावी की बंबात घालावी याचा निर्णय मी आपल्या गावावर सोपवला आहे. येत्या रविवारी येत आहे. फार माणसे नकोत. एक खरा वाचक भेटला तरी पुरे.'

मास्तरांनी पत्र तसंच खिशात कोंबलं. ते धावत माडीवर गेले. निदान आपण तरी चाळीस पानांच्या पुढं जावं म्हणून त्यांनी दोन्ही कपाटं उपसली. पुस्तक नव्हतं. कपाटात टिकत नाही हे मास्तरांचं वाक्य पहिल्यांदाच खरं निघालं होतं, आणि तेही अशा वेळी.

"खरं सांगून टाका त्यांना," सुमन म्हणाली.

"खरं सांगितलं तर तो वही बंबात घालील. लिहिलेलं जाळायचं म्हणजे काय, हे तुला कळत नाही."

"आणि लिहिलेलं न वाचायचं म्हणजे काय, ते तुम्हाला कळतं वाटतं?"

मास्तर टोपी घालून बाहेर पडले. वाचनालयाचे दोन सभासद त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते. एक खालच्या जरीच्या दुकानाचे गोटूशेठ आणि दुसरे मधुकर वकील. मास्तरांनी दोघांना बसवून जेवढी आठवत होती तेवढी गोष्ट सांगितली. खानदेशातली कापसातून सरकी काढायची एक जिन, जिनेच्या आवारात कपाशीची उंच गंजी, गंजीत एक प्रेत आणि प्रेताचं तोंड ओळखू येत नाही.

"खून कोणी केला तेवढं सांगा मास्तर," गोटूशेठ म्हणाले, "बाकी मी निभावून नेतो. आपला धंदाच तो आहे."

"तिथपर्यंत मी गेलो नाही."

"काही हरकत नाही," वकील म्हणाले. "उलटतपासणी घ्यायला कागद वाचावे लागतात असं थोडंच आहे?"

रविवारी तिसऱ्या प्रहरी टांगा थांबला. लोटूभाऊ उतरले. किडकिडीत माणूस, रेल्वेचा काळा कोट, खिशाला पेन्सिल आणि काखेत कापडी थैली. थैली त्यांनी टांगेवाल्याच्या हाती दिली नाही, गोटूशेठांच्या नोकराच्याही दिली नाही. माडीवर आल्यावर सतरंजीवर बसून त्यांनी ती मांडीवर घेतली आणि कपाटांकडे असं पाहिलं की मास्तरांनी मान खाली घातली.

"क्या बात है लोटूभाऊ!" गोटूशेठांनी सुरुवात केली. टेबलावर त्यांनी पाहुण्यासाठी मावा जिलबीचा द्रोण आणून ठेवला होता. "काय लिहिता तुम्ही! ते प्रेत निघतं ना गंजीतून, तेव्हा माझा हात जरीत अडकला होता, तो तसाच राहिला."

लोटूभाऊ लाजले. मग हळूच म्हणाले, "तुम्हाला संशय कधी आला?"

गोटूशेठांनी वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी घसा साफ केला. "मला पहिल्यापासून. तो दिवाणजी. त्याची चालच सांगते."

"पण ते प्रेत दिवाणजीचंच असतं," लोटूभाऊ म्हणाले.

"वकिलांचं लक्ष नसतं हो वाचताना," गोटूशेठ घाईघाईनं म्हणाले. "खून करतो तो जिनेचा मालक. मी तर घरात सांगून टाकलं होतं, मालकाशिवाय दुसरा कोणी नाही."

"मालक सबंध पुस्तकभर काशीला असतो."

 गोटूशेठ द्रोणातल्या जिलब्या मोजू लागले. लोटूभाऊ रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते रागावले नाहीत. त्यांनी थैलीचे बंद घट्ट केले आणि हसून म्हणाले, "माझं मन राखायला तुम्ही एवढं केलंत, हेच पुष्कळ. संध्याकाळची गाडी केव्हाची आहे?"

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजवर पाठवलेली सगळी पत्रं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली आणि प्रत्येक गावाहून एकेक किडकिडीत माणूस थैली घेऊन निघाला आहे असं त्यांना वाटू लागलं. ते खरं सांगायला तोंड उघडणार, तोच जिन्यात पावलं वाजली आणि पावलांच्या आधी आवाज वर आला.

"मास्तर! पोथीची पानं फाडली कोणी?"

आवाज मथुराबाईंचा. इतवारा मोहल्ल्यात राहणारी, साठी गाठलेली बाई. नवऱ्यामागं केळीची बाग तिनं एकटीनं सांभाळली होती आणि मजुरांना बांधावरून हाका मारून मारून तो आवाज झाला होता. तिनं वहाणा जिन्यातच काढल्या होत्या. दोन्ही हातांवर तिनं लाल कापडातलं पुस्तक धरलं होतं. मागं तिची सून कोकिळा पूजेचं ताट घेऊन उभी होती आणि तिला हसू आवरत नव्हतं.

"कोणती पोथी, मथुराबाई?"

"आता कोणती म्हणता! आषाढात पुराणिकबुवा पाय मोडून पडले. चातुर्मासात वाचायला पोथी द्या म्हनून मी इथं आली. तुमचं डोकं कोणत्या तरी पुस्तकात होतं. तुमी न पाहता हात मागं घातला अन् ही दिली. हे काय सपनात झालं?"

मास्तरांना आठवलं. वाचनालयात पोथ्याही होत्या, हल्ली त्याही पुस्तकासारख्या शिवून येत आणि लाल कापडातच असत. त्या दिवशी ते एका नव्या नाटकाच्या पहिल्या प्रवेशात होते. कोकिळेनं पुढं होऊन पुस्तकाची खोळ सोडली. पहिल्या पानावर हळदकुंकवाचा इतका थर बसला होता की नाव वाचता येत नव्हतं. लोटूभाऊंना वाचायची गरज नव्हती. ते उठून उभे राहिले होते.

"मी पहिल्याच दिवशी बोलली होती," कोकिळा म्हणाली. ती चौथी शिकलेली होती आणि घरात वाचायचं काम तिचं होतं. "म्हटलं, आत्याबाई, ही पोथी नाही दिसत."

"बोलली तवा हळदकुंकू वाहून झालं होतं," मथुराबाई म्हणाल्या. "पाच बाया हातात अक्षता घेऊन बसल्या होत्या. सुरू केलेली पोथी अर्धी सोडली त दोष लागतो. तो कोणी घ्यायचा, तुमी?"

"पण पहिल्याच पानावर मढं निघालं ना, आत्याबाई."

"मंग? पुराणात काय कमी मढी पडतात?"

आणि अशा रीतीनं इतवाऱ्यातल्या पाच बायका रोज दुपारी वाती वळत, तुपाचं निरांजन लावून, 'कपाशीच्या गंजीतले प्रेत' भक्तिभावानं ऐकत होत्या. वाचन संपल्यावर रोज आरती होत होती. शेवटचा अध्याय झाला तरी त्या उठल्या नाहीत. कोकिळेनं शुद्धिपत्र वाचलं, तेही त्यांनी हात जोडून ऐकलं. मागच्या पानावरची किंमत आणि छापखान्याचा पत्ताही वाचून झाला. पण प्रत्येक पोथीच्या शेवटी असते ती फलश्रुती, म्हणजे ही पोथी ऐकणाराला काय फळ मिळेल ते सांगणारा भाग, काही केल्या सापडेना.

"फलश्रुती नाही त समाप्ती नाही," मथुराबाई म्हणाल्या. "समाप्ती नाही त माझं एकभुक्त सुटत नाही. तीन महिने होऊन गेले, दिवसातून एकदा जेवते मी. दिवाळी तोंडावर आली. घरात चकल्या तळून डबे भरले, अन् रातच्याला मी त्यांच्याकडे पाहत झोपते. पानं द्या माझी!"

"ते पुस्तक माझं आहे," लोटूभाऊ म्हणाले. 

"तुमचं कसं? वाचनालयाचं हाय."

"मी लिहिलंय."

मथुराबाईंनी त्यांना टोपीपासून पायांपर्यंत पाहून घेतलं. "पोथी लिहिणारे कोट घालत नसतात. अन् जिते बी नसतात."

लोटूभाऊंनी हात जोडले. भीत भीत, परीक्षेचा निकाल विचारावा तसं त्यांनी विचारलं, "खून कोणी केला, आजी?"

"आता! तुमाला माहीत नाही का?"

"मला माहीत आहे. तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"त्या कापूस तोलणाऱ्यानं. तराजूचा दांडा घातला दिवाणजीच्या टाळक्यात. मला त केवाच समजलं होतं. कोतवाल आला तवा सगळे कोतवालाकडे पाहतात, हा एकटा तराजूकडे पाहतो. पण तो कोतवाल बैलोबा! आमच्या धुरपदाबाईनं तीन दिवस त्याला शिव्या दिल्या, निरांजनासमोर." मथुराबाई थांबल्या आणि एकदम त्यांचा आवाज चढला. "अन् खरंच तुमीच लिहिलं असंल त सांगा, त्या गंगूची नथ कुठं गेली?"

"नथ?"

"नथ! जिनेत सरकी वेचते ती गंगू. तिची नथ चोरीला जाते, दोन अध्याय बिचारी रडते. मंग खून काय, कोतवाल काय, कचेरी काय, अन् नथीचं कोणी नावच काढत नाही! कोणी घेतली?"

लोटूभाऊंचा हात खिशाच्या पेन्सिलीकडे गेला. "राहून गेलं, आजी," ते म्हणाले. "लिहिता लिहिता मीच विसरलो."

"आमी नाही विसरलो. पाच जणी रोज इचारतो, गंगूची नथ सापडली का म्हनून."

लोटूभाऊंनी कोटाच्या बाहीनं डोळे पुसले. एका माणसानं तीन वर्षं ज्या गोष्टीची वाट पाहिली ती अशी चूक दाखवत, डोळे वटारत समोर येऊन उभी राहील असं त्यांना कुठलं वाटायला!  पाठीराखा म्हणवणाऱ्या आपल्याला गंगू नावाची कोणी बाई पुस्तकात आहे हेही माहीत नव्हतं, याची मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदा खरीखुरी लाज वाटली.

"रडू नका," मथुराबाई म्हणाल्या. "फलश्रुती सांगा. तुमी लिहिलं नं, मंग तुमच्याच तोंडून येऊ द्या."

"मी काय सांगणार? ही देवाची पोथी नाही, आजी. ही ऐकून कोणाचं दुखणं बरं व्हायचं नाही की कोणाच्या घरी पाळणा हलायचा नाही."

"जे हाय ते सांगा. पण खोटं सांगू नका. निरांजन लावते मी."

कोकिळेनं ताट टेबलावर ठेवलं. निरांजन लागलं. गोटूशेठ आणि वकील आपोआप उठून उभे राहिले. लोटूभाऊंनी टोपी सारखी केली, डोळे मिटले आणि थांबत थांबत सांगितलं.

"जो कोणी ही कथा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचील किंवा ऐकेल, त्याला काय मिळेल ते मला ठाऊक नाही. पण भुसावळच्या पार्सल हापिसात एक माणूस आहे. तो रोज लोकांची गाठोडी गावोगाव पोचती करतो. त्याचं स्वतःचं एक गाठोडं कुठंच पोचलं नव्हतं. ते पोचेल."

 मथुराबाईंनी मनात हिशेब केल्यासारखी मान हलवली.

"म्हंजे उपास आमी करायचे," त्या म्हणाल्या, "अन् फळ तुमाला?"

"हो, आजी."

"असू द्या बापा. कोणाला तरी लागलं नं? मंग झाली समाप्ती." त्यांनी पुस्तकावर फूल वाहिलं, डोकं टेकलं, आणि डोकं वर काढताना त्यांना टेबलावरचा द्रोण दिसला. त्यांनी जिलबी उचलली, निरांजनाभोवती फिरवून नैवेद्य दाखवला आणि तिथंच उभ्यानं खाल्ली. मग दुसरी खाल्ली. तीन महिन्यांनी संध्याकाळचं पोटात काही गेलं होतं. तिसरी त्यांनी लोटूभाऊंच्या हातावर ठेवली.

"थैलीत काय हाय?"

"दुसरी," लोटूभाऊ म्हणाले. "छापलेली नाही अजून. नुसती वही आहे."

"मंग आमच्या कोकिळेला काय हातचं लिहिलेलं वाचता येत नाही? काढा. कार्तिकीला अजून दिवस हायेत."

लोटूभाऊंनी बंद सोडले. वही त्यांनी दोन्ही हातांनी पुढं केली. कोणाला काही कळायच्या आत मथुराबाईंनी बोट हळदीत बुडवून पहिल्या पानावर टेकवलं, मग कुंकवात, आणि ताटातल्या अक्षता उचलून त्या वाटायला लागल्या. कोकिळेला दिल्या, गोटूशेठांना दिल्या. वकिलांना पक्षकाराचं काही तातडीचं काम आठवलं होतं, त्यांचा हात धरून त्यात दिल्या. शेवटी त्या मास्तरांपुढं उभ्या राहिल्या.

"घ्या मास्तर. पण एक सांगते, अक्षता घेतल्या की शेवटपर्यंत उठायचं नाही. दोष लागतो."

मास्तरांनी कपाटाकडे पाहिलं. कालच अमरावतीहून एक नवं पार्सल आलं होतं आणि त्याची दोरीसुद्धा अजून सोडली नव्हती. त्यांनी हात पुढं केला, अक्षता घेतल्या, मूठ मिटली आणि लोटूभाऊंच्या कानाशी लागून हळूच विचारलं, "लोटूभाऊ, पानं किती आहेत हो?"

"पहिलीच्या दुप्पट," लोटूभाऊ म्हणाले, आणि त्यांच्या तोंडावर असा आनंद होता की मास्तरांनी मुकाट्यानं सतरंजीवर मांडी घातली.